जिप्सी किती उंच करावी? टायर, पाटे आणि प्रॉपेलरचा हिशेब

जिप्सी उंच करायची म्हटली की गॅरेजमध्ये पहिला प्रश्न असतो, 'दोन इंच की पाच इंच?' खरं तर हा प्रश्न सगळ्यात शेवटी यायला हवा. आधी टायर ठरवायचा. तो बसायला लागेल तेवढीच उंची घ्यायची. मग त्या उंचीमुळे प्रॉपेलर (इंजिनाची ताकद एक्सलपर्यंत नेणारा दांडा), स्टीअरिंग, ब्रेक आणि गिअर यांत काय बदलावं लागेल ते मोजायचं आणि त्या सगळ्याचा खर्च झेपत नसेल, तर मागे येऊन लहान टायर घ्यायचा. उलट क्रमाने गेलं की गाडी दिसते छान, पण महामार्गावर ऐंशीला थरथरते आणि पहिल्याच दगडात प्रॉपेलरचा क्रॉस (टोकाचा कोनात फिरणारा सांधा) तोडून बसते.

इथे मारुतीची जिप्सी उदाहरणाला घेतली आहे, कारण तिची रचना समजायला सोपी आहे: पुढे-मागे सलग एक्सल, चारही कोपऱ्यांत लीफ स्प्रिंग म्हणजे पाटे, आणि गिअरबॉक्सपासून वेगळा टांगलेला ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या एक्सलकडे ताकद पाठवणारा डबा. जुन्या महिंद्रा जीपलाही यातलं बरंच लागू पडतं. नव्या थारला नाही. तिचं पुढचं सस्पेंशन स्वतंत्र आहे, तिथे प्रश्न एक्सलच्या सीव्ही जॉइंटचा येतो आणि गणित वेगळं होतं.

उंचीने काय मिळतं, काय नाही

गाडी पाट्यांवर कितीही उचलली तरी डिफरन्शियलचा गोळा (एक्सलच्या मधला गिअरचा फुगवटा) जमिनीपासून तेवढ्याच उंचीवर राहतो. तो वर जातो फक्त मोठ्या टायरने, आणि तेही टायरचा व्यास जेवढा वाढला त्याच्या निम्म्याने. जिप्सी किंगचा कंपनीचा टायर २०५/७० आर १५, व्यास सुमारे ६६८ मिमी. २३५/७५ आर १५ घातला तर व्यास ७३३ मिमी, म्हणजे डिफरन्शियल ३३ मिमी वर. ३१ इंची टायर, ३१×१०.५ आर १५, कागदावर ७८७ मिमीचा. त्याने ५९ मिमी मिळतात. सस्पेंशन उचलून मिळतं ते चासीखालचं अंतर. कातळाच्या कंगोऱ्यावर किंवा बांधावर पोट टेकत असेल तर त्याचा उपयोग आहे. चिखलाच्या चाकोरीत मधला गोळा घासत असेल तर पाट्यांवर घातलेला पैसा वाया गेला.

आता तोटा. जिप्सी किंगच्या डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर साधारण १३०० मिमी आहे, म्हणजे गाडी अरुंद. गुरुत्वमध्य ६५० मिमीवर आहे असं धरलं, तर कागदावर ती ४५ अंशांच्या बाजूच्या उतारावर उलटायच्या बेतात येते. ५० मिमी लिफ्ट आणि २३५ चा टायर घेतला की गुरुत्वमध्य अंदाजे ७५ मिमी चढतो आणि तो कोन ४२ अंशांवर येतो. पाच-साडेपाच इंच लिफ्ट आणि ३१ चा टायर घेतला तर ३९ च्याही खाली. प्रत्यक्षात पाटे एका बाजूला दबतात, टायर लचकतो, त्यामुळे खरा आकडा याहून बराच कमी असतो. सह्याद्रीतल्या वाटा डोंगराच्या कुशीतून तिरक्या जातात, तिथे हे तीन आणि सहा अंश फार महाग पडतात.

म्हणून बहुतेकांना आमचा सल्ला एकच: ५० मिमी लिफ्ट, २३५/७५ आर १५ चे चांगल्या नक्षीचे टायर, आणि उरलेला पैसा ड्राइव्हलाइनमध्ये. ३१ चा टायर आणि स्प्रिंग-ओव्हर (पाटे एक्सलच्या वर घेणं) हा पूर्ण वेगळा प्रकल्प आहे. तो करायचा तर सगळा करायचा, अर्धा नाही.

५० मिमी कशी घ्यावी

सर्वांत चांगला मार्ग म्हणजे जास्त बाक असलेले नवे पाटे. जुन्याच पाट्यांना थंड ठोकून बाक दिला तर काही महिन्यांत ते पुन्हा बसतात. एक जाड पाटा वाढवून उंची घेतली तर गाडी उंच होते पण चाक खाली-वर जायचं थांबतं, आणि खडकाळ जागी एक चाक हवेत राहिलं तर चारचाकी ड्राइव्ह असून नसल्यासारखी.

लांब शॅकल (पाट्याचं एक टोक चासीला जोडणारी हलती कडी) हा सगळ्यात स्वस्त मार्ग, आणि सगळ्यात जास्त गैरसमज त्याच्याबद्दल. शॅकल ५० मिमी लांब केली की गाडी ५० नाही, सुमारे २५ मिमी उचलली जाते, कारण पाट्याचं एकच टोक खाली जातं. त्याबरोबर सगळा पाटा तिरका होतो आणि त्यावर बसलेला एक्सल फिरतो. जिप्सीला पुढची शॅकल पुढच्या टोकाला आहे. ती लांब केली की एक्सलचा वरचा भाग पुढे झुकतो आणि कास्टर, म्हणजे चाक ज्या किंगपिनभोवती वळतं त्याचा मागे झुकलेला कोन, कमी होतो. पाट्याची लांबी डोळ्यापासून डोळ्यापर्यंत मीटरभर धरली तर ५० मिमीने जवळजवळ तीन अंश गेले. मुळात कास्टर असतो साडेतीन अंशांच्या आसपास. मग स्टीअरिंग वळणानंतर आपोआप सरळ येत नाही, गाडी रस्ता धरत नाही, आणि साठ-सत्तरला एखाद्या खड्ड्यानंतर पुढची चाकं थडथडायला लागतात. किंगपिन बेअरिंग आणि टायरॉडचे एंड थोडे जरी सैल असले तरी ही थडथड थांबता थांबत नाही.

कास्टर परत आणायला पाटा आणि एक्सलच्या बैठकीमध्ये लोखंडी पाचर घालतात. पाटे एक्सलखाली असताना पाचरीची जाड बाजू पुढे ठेवायची. अॅल्युमिनियमची पाचर घेऊ नये, चिरडते आणि यू-बोल्ट (पाटा एक्सलला आवळणारा) सैल होतो. पण इथे एक अडचण आहे. पुढच्या एक्सलचं पिनियन (प्रॉपेलर ज्याला जोडतात तो डिफरन्शियलचा गिअर) मागे तोंड करून असतं. कास्टर वाढवायला एक्सल मागे फिरवला की तेच पिनियन खाली वळतं आणि पुढच्या प्रॉपेलरचा कोन बिघडतो. चाक वळवणारं नकल ज्यावर फिरतं तो भाग एक्सलच्या नळीला पक्का असल्यामुळे दोन्ही एकाच वेळी मनासारखं मिळत नाही. अशा वेळी स्टीअरिंगच्या बाजूने निर्णय घ्यावा. फ्री-व्हील हब (पुढची चाकं एक्सलपासून सोडवता येणारे) असतील आणि गाडी टू-हायमध्ये, म्हणजे फक्त मागच्या चाकांच्या ताकदीवर, चालत असेल, तर महामार्गावर पुढचा प्रॉपेलर फिरतच नाही. त्याच्या कोनाचा त्रास फक्त कमी वेगात, फोर-व्हीलमध्ये होतो.

पुढच्या एक्सलवर उंचीसाठी ठोकळे कधीही घालू नयेत. ब्रेक मारताना तिथे पडणारा पीळ ठोकळा सरकवू शकतो.

प्रॉपेलरचा कोन

प्रॉपेलरच्या दोन टोकांना क्रॉस असतात. क्रॉस कोनात फिरताना एक समान वेग देत नाही. एका फेरीत दोनदा पुढचं टोक थोडं पुढे धावतं आणि दोनदा मागे पडतं. ७-८ अंशांवर हा फरक एक टक्क्याच्या आत, १२ अंशांवर सव्वादोन टक्क्यांच्या जवळ आणि २० अंशांवर सहा टक्क्यांच्या वर. दुसऱ्या टोकाचा क्रॉस तितक्याच कोनात आणि योग्य मांडणीत असेल तर तो हा फरक पुसून टाकतो. म्हणून नियम: ट्रान्सफर केसचा फ्लँज (प्रॉपेलर बोल्टने जोडतात ती चकती) आणि पिनियनचा फ्लँज एकमेकांना समांतर, आणि प्रॉपेलरच्या दोन्ही टोकांचे योक (क्रॉस धरणारे दोन कानांचे भाग) एका रेषेत. स्प्लाइन (प्रॉपेलर लांब-आखूड होऊ देणारा दातेरी जोड) उघडून एक दात चुकवून बसवला तर हा हिशेब मोडतो. प्रॉपेलर काढण्यापूर्वी दोन्ही भागांवर पांढऱ्या रंगाची एक सलग रेघ ओढावी. नवा क्रॉस घालून आलेल्या कित्येक गाड्या केवळ ही रेघ नव्हती म्हणून थरथरतात.

फरक पुसला गेला तरी कोन मोठा असल्याचे परिणाम उरतात: मधली नळी स्वतः दर फेरीला वेग बदलत राहते, सुई-बेअरिंग तापतात, योक अडकतात. जिप्सीचा व्हीलबेस २३७५ मिमी आणि त्यातही ट्रान्सफर केस मागे, म्हणून मागचा प्रॉपेलर आखूड. समजा दोन क्रॉसमधलं आडवं अंतर ६०० मिमी आणि मुळातली उंचीतली घट ८० मिमी. कोन झाला ७.६ अंश. गाडी ५० मिमी उचलली, कोन १२ अंश. १४० मिमी उचलली, कोन २० अंश. आडवं अंतर १२०० मिमी असलेल्या लांब पिकअपला तीच १४० मिमी लिफ्ट दिली तरी कोन १०-११ अंशांवरच थांबला असता. इतर गाड्यांवर पाहिलेली उंची जिप्सीला तशीच लावता येत नाही, ती याच कारणाने. आपल्या गाडीचे आकडे मात्र स्वतः मोजावेत. फोनमधला कोनमापक फ्लँजवर धरला तरी अर्ध्या अंशापर्यंत अंदाज येतो.

लांबीही बदलते. वरच्या उदाहरणात ५० मिमी लिफ्टला प्रॉपेलर ९ मिमी लांब लागतो आणि १४० मिमीला ३४ मिमी. ९ मिमी स्प्लाइनमधून बहुधा निघून येतात. ३४ मध्ये स्प्लाइनची पकड इतकी कमी होते की चाक खाली लोंबलं की ती सुटू शकते. तिथे फ्लँजवर स्पेसर किंवा नवी लांब नळी लागते. नळी बदलायची तर प्रॉपेलर बॅलन्स करून देणाऱ्याकडेच द्यावा. ७३३ मिमीच्या टायरवर ८० किमी वेगाला हा शाफ्ट मिनिटाला सुमारे २२६० फेऱ्या मारतो. लेथवर नुसता सरळ केलेला शाफ्ट तिथे टिकत नाही.

प्रत्यक्ष मोजणी अशी करावी. पाट्यांमधला फक्त मुख्य पाटा ठेवून बाकीचे काढावेत. चासी स्टँडवर घ्यावी आणि एक्सल जॅकवर. जॅक हळूहळू खाली सोडून शॉकअप पूर्ण उघडेपर्यंत एक्सल लोंबू द्यावा. मग प्रॉपेलर हाताने पूर्ण एक फेरी फिरवावा. योकचे कान फ्लँजला टेकत असतील तर हाताला लगेच कळतं: फेरीत दोन ठिकाणी शाफ्ट अडतो, आणि तिथे रंग खरवडलेला दिसतो. टेकत असेल तर गरज पडल्यास योकचा कान किंचित घासता येतो, पण त्याहून शहाणपणाचं म्हणजे शॉकअप आखूड घेऊन किंवा पट्टा लावून एक्सलचं लोंबणं मर्यादित करणं. याच अवस्थेत स्प्लाइनची किमान २५-३० मिमी पकड शिल्लक हवी. नंतर एक्सल बफरला टेकेपर्यंत वर उचलावा. इथे स्प्लाइन आत शिरायला २० मिमी तरी मोकळी हवी, नाहीतर पहिल्या मोठ्या आदळ्याला प्रॉपेलर ट्रान्सफर केसचं बेअरिंग फोडतो. याच वेळी टायर चढवून, स्टीअरिंग दोन्ही टोकांना वळवून, टायर कुठे घासतो तेही बघून घ्यावं. लिफ्ट किती हवी याचं खरं उत्तर या मोजणीतून मिळतं.

कोन कमी करायला ट्रान्सफर केस खाली उतरवण्याचा उपाय सुचवला जातो. जिप्सीत गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस यांच्यामध्ये एक छोटा शाफ्ट आहे. केस २५ मिमी उतरवला की त्या आखूड शाफ्टचा कोन एकदम वाढतो, शिवाय जे पोट उचलायला एवढा खटाटोप केला तेच पुन्हा खाली येतं. त्यापेक्षा मागचा प्रॉपेलर ट्रान्सफर केसच्या बाजूला डबल क्रॉस (जोडीने दोन क्रॉस) असलेला घ्यावा आणि पिनियन वर फिरवून थेट त्याच्याकडे रोखावं. या मांडणीत समांतर फ्लँजचा नियम लागू नाही. पिनियनकडचा कोन एक-दोन अंशच ठेवायचा. पिनियन वर वळलं की तेलाची पातळीही बदलते. भरायच्या बोल्टपर्यंत भरलेलं तेल पुढच्या पिनियन बेअरिंगला कमी पडू शकतं, म्हणून गाडीचा पुढचा भाग खाली करून थोडं जास्त भरावं.

ट्रान्सफर केसचे रबर माउंटही याच वेळी बदलावेत. ते फाटलेले असतील तर ताकद लागताच अख्खा केस फिरतो आणि काळजीपूर्वक जुळवलेले सगळे कोन तेवढ्यापुरते खोटे ठरतात.

स्प्रिंग-ओव्हर करायचंच असेल तर

कंपनीच्या रचनेत पाटे एक्सलच्या खाली असतात. ते वर घेतले की एक्सलच्या नळीची जाडी आणि पाट्यांची जाडी मिळून पाच ते साडेपाच इंच उंची मिळते, पाटे तेच राहतात आणि लवचिकही राहतात. म्हणूनच ही पद्धत लोकप्रिय आहे. त्याबरोबर येणारी कामं अशी.

नव्या बैठका एक्सलवर जोडायच्या. त्या आधी फक्त टाके मारून धरायच्या, गाडीचं पूर्ण वजन चाकांवर सोडायचं, पिनियनचा कोन मोजायचा आणि मगच पूर्ण वेल्डिंग. वेल्डिंग छोट्या तुकड्यांत, आलटून पालटून, मध्ये थंड होऊ देत. एका दमात केलं तर नळी वाकते, आणि वाकलेल्या एक्सलमध्ये तेलाची सील टिकत नाहीत. साध्या दोन क्रॉसच्या शाफ्टसाठी मागचं पिनियन समांतरपेक्षा एक-दोन अंश खाली ठेवावं, कारण ताकद लागली की ते वर उचललं जातं.

हे उचललं जाणं स्प्रिंग-ओव्हरमध्ये फार वाढतं. पाटे इंग्रजी एस अक्षरासारखे पिळतात, चाक उड्या मारतं आणि त्या झटक्यात मागचा क्रॉस जातो. एक्सलपासून चासीपर्यंत पीळ रोखणारा दांडा लावावा, आणि त्याचं चासीकडचं टोक शॅकलवर हलतं ठेवावं. ते पक्कं बसवलं तर एक्सलची हालचालच अडते.

स्टीअरिंगचा ड्रॅग लिंक (स्टीअरिंग बॉक्सपासून चाकाकडे जाणारा दांडा) आता वर आलेल्या पाट्याला आपटतो. झेडच्या आकारात वाकवलेला लिंक हा त्यावरचा स्वस्त उपाय. तो दाबाखाली लचकतो आणि स्टीअरिंग मऊ लागतं. नकलच्या वरून जोडणी घेणारे आर्म लावणं योग्य. स्टीअरिंगचा कोणताही ओतीव भाग कापून-जोडून वापरू नये. तो तुटला तर गाडी थांबवण्याआधीच दिशा हातातून गेलेली असते.

ब्रेकचे होज लांब लागतात, पुढे आणि मागे. मागच्या एक्सलला वजनानुसार ब्रेकचा दाब ठरवणारा व्हॉल्व्ह जोडलेला असेल, तर उंच झालेली गाडी त्याला रिकामी वाटते आणि तो मागचे ब्रेक कमी करतो. त्याची काडी तितकीच वाढवावी लागते.

गिअर आणि काय आधी तुटतं

जिप्सी किंगचे आकडे: पहिला गिअर ३.६५२, ट्रान्सफर केस हायमध्ये १.४०९ आणि लोमध्ये २.२६८, एक्सल ३.९०९. फोर-लो (चारही चाकांना ताकद, ट्रान्सफर केस लोमध्ये) आणि पहिल्या गिअरमध्ये एकूण ३२ पट घट, म्हणजे इंजिनाच्या ३२ फेऱ्यांना चाकाची एक. ८०० फेऱ्यांच्या आयडलला मूळ टायरवर गाडी ताशी ३.१ किमीने सरकते. ३१ चा टायर घातला की तीच ३.७ किमी होते, आणि खडकात हा फरक पायाला लगेच जाणवतो: क्लच अर्धवट दाबून चालवावं लागतं, क्लच जळतो. स्पीडोमीटर ६० दाखवतो तेव्हा गाडी ७० ला असते. २३५ च्या टायरने हा फरक दहा टक्क्यांच्या आत राहतो आणि पेट्रोल जिप्सी तो सोसते.

३१ साठी दोन वाटा आहेत: एक्सलचे क्राऊन-पिनियन बदलणं किंवा ट्रान्सफर केसचे गिअर. मूळ ओढ परत मिळवायला एक्सलला ४.६ च्या आसपास रेशो लागेल, आणि तो पुढे-मागे दोन्हीकडे एकसारखाच हवा, नाहीतर फोर-व्हीलमध्ये एक्सल एकमेकांशी भांडतात. ट्रान्सफर केससाठी ४.१६ लो रेशोची किट मिळते; एकच बॉक्स उघडावा लागतो आणि एकूण घट ५९ पटीवर जाते. आयडलला ३१ च्या टायरवरही ताशी २ किमी. खडकासाठी आमची पसंती याला. पण लक्षात ठेवावं की ही जास्तीची ताकद प्रॉपेलर, क्रॉस आणि एक्सल या सगळ्यांतून जाते.

आणि तुटतो तो बहुधा पुढच्या एक्सलचा बाहेरचा गोळ्यांचा जॉइंट. स्टीअरिंग पूर्ण वळलेलं, चाक दोन दगडांत अडकलेलं आणि पाय अॅक्सिलरेटरवर, की त्याची वाटी फुटते. रिव्हर्समध्ये हे आणखी लवकर होतं. पुढे लॉकर (एक्सलची दोन्ही चाकं एकत्र जखडणारा भाग) लावला तर डिफरन्शियल वाटून घेत होता तो भार एकाच बाजूवर येऊ शकतो. म्हणून लॉकर आधी मागे लावावा. पुढे लावायचाच तर आधी जास्त ताकदीचे जॉइंट आणि शाफ्ट. अडकलं की आधी स्टीअरिंग सरळ करावं आणि मग ताकद द्यावी. ही सवय कुठल्याही सुट्या भागापेक्षा जास्त एक्सल वाचवते.

कायदा

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या रचनेत कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल करू देत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच स्पष्ट केलं. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ प्रमाणे बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. अपघातानंतर विमा कंपनीही बदल केलेल्या गाडीवर बोट ठेवू शकते. स्प्रिंग-ओव्हर केलेली गाडी खाजगी जागेत, ट्रेलरवरून नेऊन चालवणारे लोक आहेत, त्यामागे हेही कारण आहे.

पहिले पाचशे किलोमीटर

यू-बोल्ट जुने वापरू नयेत; ते एकदा ताणले की पुन्हा तीच पकड देत नाहीत. नवे बसवल्यावर पहिल्या १०० किमीनंतर आणि पुन्हा ५०० किमीला टॉर्क पान्याने कसावेत. शॅकलचे बोल्ट गाडी जमिनीवर असतानाच शेवटचे घट्ट करावेत, नाहीतर रबरी बुश पिळलेल्या अवस्थेत अडकतात आणि फाटतात.

थरथर आली तर आधी ती कधी येते ते पाहावं. गिअर कुठलाही असो, ठरावीक वेगालाच येत असेल तर प्रॉपेलर किंवा टायरचं बॅलन्स. अॅक्सिलरेटर दाबल्यावरच येत असेल तर पिनियन वर उचललं जातंय. पाय सोडल्यावर येत असेल तर ते खाली बसवलं गेलंय. कमी वेगात, गाडी सुटताना जोरात गरगर झाली आणि नंतर थांबली, तर पाटे पिळताहेत. क्लच सोडताना 'टक्' आवाज आला तर क्रॉस, स्प्लाइन आणि ट्रान्सफर केसचे माउंट, याच क्रमाने हात लावून बघावेत. क्रॉसच्या टोपीभोवती गंजाची लालसर भुकटी दिसली तर आतलं ग्रीस संपलेलं असतं, आणि तो क्रॉस त्याच दिवशी बदलावा.